मुलींचे फोटो, दुसऱ्यांचा बाजार आणि आपले ग्रुप



मुलीच्या हातात मोबाइल द्यावा की नाही, हा प्रश्न या सदराकडे दर जूनमध्ये येतो. दहावीचा निकाल लागलेला असतो, मुलगी आता घराजवळची शाळा सोडून लांबच्या कॉलेजात जाणार असते. आमच्या मावळात तर तिला सकाळची लोकल गाठावी लागते. कोणी लोणावळ्याहून तळेगावला, कोणी कामशेतहून पुढे आकुर्डी-शिवाजीनगरला. पावसाळ्यात गाडी अर्धा-पाऊण तास लेट झाली की अम्मीचा जीव टांगणीला लागतो. म्हणजे फोन हवाच. पण फोन आला की इन्स्टाग्राम येते, इन्स्टाग्राम आले की फोटो येतो, आणि फोटो आला की अब्बूंची झोप उडते. ही भीती उगाचची आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिला कारण आहे, आणि ते कारण नीट समजून घेतल्याशिवाय 'द्या' किंवा 'देऊ नका' असे एका शब्दात सांगण्यात अर्थ नाही. म्हणून या वेळी थोडे लांबून येतो.

१ जानेवारी २०२२, शनिवार. लोक एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत होते. त्याच सकाळी देशातल्या शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांना कळले की इंटरनेटवरच्या एका पानावर त्यांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडला आहे. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. जेएनयूतून २०१६ साली बेपत्ता झालेल्या नजीबची आई फातिमा नफीस होत्या. पाकिस्तानच्या मलाला युसुफझाईचा फोटोही होता. त्याआधी सहा महिने, जुलै २०२१ मध्ये, अगदी हाच प्रकार दुसऱ्या नावाने झाला होता. पहिल्याचे नाव 'सुल्ली डील्स', दुसऱ्याचे 'बुल्ली बाई'. दोन्ही शब्द मुसलमान बायकांना देण्यात येणाऱ्या शिव्यांवरून घेतलेले. एकदा लिहिले, पुन्हा या पानावर लिहिणार नाही.

प्रत्यक्षात कोणी काही विकत नव्हते, कोणी विकत घेत नव्हते. हेतू एवढाच की जी बाई बोलते, लिहिते, चार लोकांत उभी राहते, तिला तिची 'किंमत' दाखवावी आणि बघणाऱ्यांनी हसावे.

आता यातली जी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगतो. ते फोटो अश्लील नव्हते. बहुतेक साधे फोटो होते. कोणी ओढणी घेतलेली, कोणी हिजाब घातलेला, कोणी चष्मा लावून हसत असलेली. त्यांनी स्वतःच आपापल्या खात्यावर ठेवलेले, जसे आपण शादीच्या अल्बममध्ये ठेवतो. त्यामुळे "नीट कपडे घालून फोटो टाकला की काही होत नाही" हा आपल्या घराघरांतला समज त्या दिवशी खोटा ठरला. आणि इंटरनेटच्या कंपन्यांची पहारेदारी अशा वेळी का फसते, तेही याच गोष्टीतून कळते.

ही पहारेदारी चालते कशी? मोठ्या कंपन्यांकडे आधी एक नियमावली असते: द्वेष पसरवू नका, धमकी देऊ नका, नग्न चित्रे टाकू नका वगैरे. रोज येणारा मजकूर इतका असतो की पहिली चाळणी यंत्र लावते. यंत्राला शिकवलेले असते की अशी अशी चित्रे आणि असे असे शब्द दिसले की थांबव. जे यंत्राला नक्की कळत नाही ते पगारी माणसांपुढे जाते. ही माणसे दिवसभर तेच बघत बसतात, आणि एकेका मजकुरावर निर्णय द्यायला त्यांना फार थोडा वेळ मिळतो. याशिवाय उरते ते तुमच्या-आमच्या हातातले तक्रारीचे बटण. लहान किंवा वेगळ्या कामासाठी बनलेल्या ठिकाणी तर पुष्कळदा तेवढेच असते. कोणी तक्रार केली तर बघायचे, नाही केली तर नाही.

लिलावाचे ते पान ज्या ठिकाणी बनवले होते ते गिटहब, मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे लोक आपले काम तिथे ठेवतात. तिथे गप्पा मारायला, रील बघायला कोणी जात नाही. फोटो मात्र उचलले होते ते ट्विटरसारख्या ठिकाणांहून. हे पान पसरवले गेले ट्विटरवर. आणि ज्यांच्या डोक्यातून हे निघाले ती पोरे जमायची ती बंद गटांमध्ये. म्हणजे एका ठिकाणी फोटो, दुसऱ्या ठिकाणी पान, तिसऱ्या ठिकाणी जाहिरात, चौथ्या ठिकाणी हशा. प्रत्येक कंपनीला आपल्या दारातला तुकडा तेवढा दिसतो. यंत्राने पाहिले तर एका हिजाबवाल्या मुलीचा हसरा फोटो, त्यात वावगे काय? वावगे फोटोत नव्हतेच. ते त्याच्याखालच्या एका ओळीत होते आणि त्याभोवती जमलेल्या घोळक्यात होते. घोळका ओळखणे यंत्राला अवघड जाते. माणसाला जमते, पण त्याला ती भाषा आणि ती शिवी माहीत असली तर.

इथे आपल्या भाषांचा प्रश्न येतो. २०२१ साली फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीची आतली कागदपत्रे बाहेर काढली. त्यांतून दिसले की खोटी माहिती ओळखण्याच्या कामावरचा ८७ टक्के खर्च एकट्या अमेरिकेसाठी होता, उरलेल्या साऱ्या जगासाठी १३ टक्के. त्या १३ टक्क्यांत हिंदी, बंगाली, अरबी, उर्दू आणि आपली मराठी. शिवाय आपण लिहितो कसे? मराठी इंग्रजी अक्षरांत, उर्दूही इंग्रजी अक्षरांत, वर गल्लीतली बोली आणि एखादा हसरा चेहरा. वर्गातली मुले एकमेकांना काय काय म्हणतात ते आम्हा शिक्षकांनाही वर्षभराने कळते, परदेशात बसलेल्या यंत्राला काय कळणार. म्यानमारमध्ये याची किंमत रोहिंग्यांनी मोजली. तिथे फेसबुकवर वर्षानुवर्षे त्यांच्याविरुद्ध विष पसरवले जात होते आणि २०१५ च्या सुरुवातीला ते वाचणारी, बर्मी भाषा येणारी माणसे कंपनीकडे दोनच होती. २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्या देश सोडून बांगलादेशात गेले. आपण पुरेसे केले नाही, हे कंपनीने २०१८ च्या नोव्हेंबरात कबूल केले.

पुन्हा आपल्या महाराष्ट्राकडे येऊ, कारण या प्रकरणात महाराष्ट्राचा भाग बरा आहे आणि तो सांगायला हवा. जुलै २०२१ च्या प्रकारात दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता, पण सहा महिने कोणालाही अटक झाली नाही. पान बंद झाले आणि सगळे शांत झाले. जानेवारीत मुंबईतून तक्रार झाली आणि मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने तीन-चार दिवसांत बंगळुरूहून एका विद्यार्थ्याला आणि उत्तराखंडातून दोघांना पकडले. खासदार प्रियंका चतुर्वेदी यांनी हा विषय पहिल्या प्रकारापासून लावून धरला होता. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी गिटहबने ते खाते बंद केल्याचे जाहीर केले. मग दिल्ली पोलिसांनीही आसामातून आणि इंदूरहून दोघांना अटक केली. इंदूरची अटक जुलैच्या जुन्या प्रकरणातली. सहा महिने जो सापडत नव्हता तो आठवडाभरात सापडला, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच महिन्यात क्लबहाउस नावाच्या बोलण्याच्या ॲपवर मुस्लिम मुलींबद्दल घाणेरड्या गप्पा चालल्या, तेव्हाही मुंबई पोलिसांनी हरियाणातून तिघांना आणले.

तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त हेमंत नगराळे यांनी पत्रकारांना एक गोष्ट सांगितली होती. या लोकांनी आपल्या खात्यांना शीख वाटतील अशी नावे दिली होती. म्हणजे अपमान मुसलमान बायकांचा, संशय शिखांवर. दोन समाज एकमेकांच्या अंगावर जावेत आणि करणाऱ्याने लांबून बघावे. पुढच्या वेळी एखाद्या नावाच्या खात्यावरून काही घाण आली तर त्या नावाच्या समाजावर तोंडसुख घेण्याआधी हे आठवावे.

पकडलेल्यांची वये काय होती? सर्वांत लहान अठरा वर्षांची, आणि ती मुलगी होती.  काहीजण कॉलेजात शिकणारे. २०२२ सालातच त्यांना जामीन मिळाले. जामीन म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे आणि अटक म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे, म्हणून आम्ही इथे कोणाचे नाव लिहीत नाही. पण रोज शे-दीडशे मुलांमध्ये वावरणाऱ्या माणसाला ही वये वाचून झोप लागत नाही. अठरा वर्षांची पोर तीन वर्षांपूर्वी नववीत असते. शाळेत फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला ती बहुधा गरीब, अबोल, वही नीटनेटकी ठेवणारी अशीच दिसली असेल. तिला कोणी एका दिवसात असे केलेले नसते. आधी एखादा विनोद. मग त्याच विनोदावर हसणाऱ्यांचा गट. मग त्या गटात टिकून राहायचे तर कालच्यापेक्षा कडक काहीतरी आणायचे. शाळेतल्या शेवटच्या बाकावर हेच चालते, फक्त तिथे तास संपला की बाक मोडतो. फोनमधला बाक रात्री दोनलाही भरलेला असतो.

मग असे गट बंद करून उपयोग होतो का? की इथून हाकलले की तिथे जमतात? दोन्ही खरे आहे. अमेरिकेत रेडिट नावाचे एक ठिकाण आहे, तिथे हजारो लहान-मोठे गट चालतात. २०१५ साली रेडिटने दोन कुप्रसिद्ध गट बंद केले, एक काळ्या लोकांचा द्वेष करणारा आणि एक जाड माणसांची टिंगल करणारा. जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे त्या गटांतल्या लोकांचे लिखाण तपासले. त्यांतले बरेचजण रेडिट सोडूनच गेले. जे राहिले त्यांची द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली. आणि ते ज्या दुसऱ्या गटांत गेले तिथे त्यांनी ती घाण फारशी नेली नाही. म्हणजे पुष्कळ माणसे स्वभावाने तशी नसतात. अड्डा मिळतो म्हणून तशी होतात. अड्डा मोडला की निम्मे काम होते. जे सोडून गेले ते कुठे गेले आणि तिथे काय करतात, हा उरलेला अर्धा प्रश्न. ते बहुधा टेलिग्रामसारख्या ठिकाणी जातात, जिथे पहारा आणखी सैल. पण तिथे त्यांना नवी, अजाण पोरे आयती मिळत नाहीत. आमच्या मते एवढे मिळाले तरी पुष्कळ आहे.

व्हॉट्सॲपचे गणित वेगळे. तिथले संदेश कुलूपबंद असतात. पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणी वाचू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. म्हणून तिथे आतला मजकूर बघून पहारा देता येत नाही. रस्ता अरुंद करता येतो, एवढेच. त्याची सुरुवात आपल्याच राज्यातल्या रक्ताने झाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आली या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. अफवा फोनवरून फिरत होती. देशात इतरत्रही असेच बळी गेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण लावली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे केले. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तुमच्या फोनवर दोन बाणांची खूण दिसते ती हीच.

पण ग्रुपच्या आत काय चालते ते बघणारा एकच माणूस असतो: ॲडमिन. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. कायद्याने ॲडमिन सुटला. दीनाच्या हिशेबात सुटतो का, ते ज्याने त्याने ठरवावे. आता ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढून टाकता येतो. एक बोट दाबायचे काम आहे. मोहल्ल्याच्या ग्रुपवर ते बोट किती वेळा उठते?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो, कारण इथवर वाचताना अनेकांनी मान डोलावली असेल की, बघा, आपल्या बहिणींवर बाहेरचे लोक कसे तुटून पडतात. ते खरेच आहे. पण २०२३ सालचा उन्हाळा आठवा. 'भगवा लव्ह ट्रॅप' नावाचे एक वादळ आपल्याच ग्रुपांमधून फिरत होते. सांगणे असे की मुसलमान मुलींना जाळ्यात ओढण्याचा कट चालू आहे, तेव्हा डोळे उघडे ठेवा. डोळे उघडे ठेवणारे मग फोनचे कॅमेरे उघडे ठेवू लागले. बुरखा किंवा स्कार्फ घातलेली मुलगी परधर्मी मुलाबरोबर दिसली की तिला अडवायचे, नाव विचारायचे, बापाचे नाव विचारायचे, ती रडत असताना चित्रण करायचे आणि ग्रुपवर टाकायचे. त्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरात आपल्याच काही तरुणांनी अशीच एका मुलीला घेरली, तिचा व्हिडिओ फिरला आणि पोलिसांना गुन्हा दाखल करावा लागला. असे व्हिडिओ अनेक राज्यांतून आले. ते मोठ्या चवीने बघितले गेले, "उम्मतच्या बहिणींना सावध करा" असे लिहून पुढे ढकलले गेले. चांगली नमाजी माणसे ढकलत होती.

लिलावाच्या पानावर मुलीचा फोटो तिच्या परवानगीशिवाय होता. इथेही तसेच. तिथे तिला खाली पाहायला लावायचे होते, इथेही. तिकडच्यांचा हेतू उघड वाईट होता, आपल्याकडे वर 'इस्लाह' असे लिहिलेले होते, एवढाच फरक. ज्या मुलीचा चेहरा त्या व्हिडिओत दिसला तिच्या घरात पुढे काय झाले असेल, हे सांगायला कोणा आलिमची गरज नाही.

इफ्कची घटना आपल्यापैकी बहुतेकांनी वाझमध्ये ऐकलेली आहे. सफरीवरून परतताना हजरत आयेशा (रजि.) हरवलेला हार शोधण्यात मागे राहिल्या, एका सहाबींनी त्यांना पाहून उंटावर बसवून सुरक्षित आणले, आणि मदिन्यात कुजबुज सुरू झाली. जवळपास महिनाभर ती चालली. कुजबुज सुरू करणारे मुनाफिक होते, पण ती पसरवणाऱ्यांत चांगले मुसलमानही सापडले, ही गोष्ट आपण वाझ ऐकताना पटकन ओलांडून जातो. एका घरात मात्र वेगळे घडले. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांना त्यांच्या बीबींनी विचारले की लोक काय बोलतात ते ऐकले का. त्यांनी उलट विचारले, तू असे काही करशील का? त्या म्हणाल्या, अल्लाहची शपथ, नाही. मग आयेशा (रजि.) तर तुझ्यापेक्षा श्रेष्ठ आहेत, असे म्हणून त्यांनी तो विषय तिथेच संपवला. त्या घरापुरती अफवा दारातच थांबली. सूरह नूरमध्ये आरोप करणाऱ्याकडून चार साक्षीदार मागितले आहेत आणि ते न आणणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. जिच्याबद्दल बोलले गेले तिला नव्हे. आमच्या ग्रुपांमध्ये नेमके उलटे होते.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे. फोटोची चोरी झाली, खोटे खाते निघाले, कोणी काही लिहिले की आपल्या घरांत पहिली कारवाई मुलीवर होते. फोन काढून घेतात, इन्स्टाग्राम उडवतात, कधी कॉलेजही बंद होते. चोर मोकळा, घरमालकीण कोंडलेली. दुसरा तोटा असा की पुढच्या वेळी ती सांगतच नाही. आणि न सांगितलेल्या गोष्टीवरच धमकावणाऱ्याचे पोट भरते. "तुझ्या अब्बूंना पाठवू का?" या एका वाक्यावर त्याचा सगळा धंदा चालतो. अब्बूंना आधीच माहीत असेल तर त्याच्या हातात काही उरत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात मागे असे झाले. मुलीचा डीपी उचलून कोणीतरी तिच्या नावाने खाते काढले आणि तिच्या मैत्रिणींना नको ते मेसेज पाठवले. भावाने रागाच्या भरात तिचे खरे खाते, सगळे मेसेज, सगळे उडवून टाकले. मग पोलीस चौकीत गेले तर तिथे पहिला प्रश्न आला: लिंक कुठे आहे? स्क्रीनशॉट कुठे आहेत? काहीच नव्हते. वर ऐकायला मिळाले की खाते बंद करा म्हणजे झाले. मैत्रिणींपैकी एकीने मेसेज ठेवले होते म्हणून पुढचे काम झाले.

तेव्हा उडवायचे नाही. आधी त्या पानाची लिंक, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि त्या खात्याचे नाव जपून ठेवायचे. मग त्याच ॲपमध्ये तक्रार करायची, आणि एकट्याने नव्हे. चार-पाच जवळच्यांनी आपापल्या फोनवरून करावी, पण कारण अचूक निवडावे. खोट्या खात्यासाठी 'दुसऱ्याचे सोंग घेतले आहे' हे कारण असते. नुसते 'आवडले नाही' दाबले तर काही होत नाही. २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमायला लावले आहे. खासगी स्वरूपाची चित्रे, कोणाचे सोंग घेणारी खाती किंवा बदल केलेले फोटो यांबद्दल ज्याचा फोटो आहे त्याने तक्रार केली तर ते हटवायला त्या नियमांनी २०२१ साली २४ तासांची मुदत घातली होती. कंपनीने दाद दिली नाही तर वर अपील करता येते. त्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन समित्या नेमल्या, आणि त्यांच्याकडे घरबसल्या ऑनलाइन अर्ज करता येतो. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे.

प्रकरण नग्न किंवा तशा बनावट फोटोंचे असेल तर आणखी एक सोय आहे. 'स्टॉप एनसीआयआय' नावाच्या संकेतस्थळावर तो फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनमध्ये त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. सामील कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो आपल्याकडे चढू देत नाहीत. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी. त्याहून लहान मुलांसाठी तशीच 'टेक इट डाउन' आहे. साध्या, कपड्यांतल्या फोटोला मात्र यातले काही लागू होत नाही. तिथे तक्रार आणि पोलीस हेच मार्ग.

पोलिसांचे म्हणाल तर आमच्या भागात लोकांचा अर्धा दिवस हद्द शोधण्यात जातो. तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये. मुलगी राहते एकीकडे, शिकते दुसरीकडे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने कोणत्याही ठाण्याला गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, हद्द कोणाचीही असो. त्याला शून्य एफआयआर म्हणतात. ठाण्यात हा शब्द उच्चारावा, फरक पडतो. ठाण्यात जायला संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा भाग आहे, आणि त्यातल्या काही तक्रारी नाव न देताही नोंदवता येतात.

मोबाइल द्यायचा तर खाते खासगी ठेवून द्यावा. तिच्या यादीत कोण आहे ते तिच्याबरोबर बसून बघावे, तिच्या पाठीमागे नव्हे. आणि त्याच संध्याकाळी तिच्या भावाचा फोनही बघावा, तो कोणत्या ग्रुपमध्ये आहे आणि कशावर हसतो ते. मुलीचा फोन तपासणारी पुष्कळ घरे आम्हाला माहीत आहेत. मुलाचा तपासणारे एखादेच.

वर सांगितलेल्या घरातले ते खोटे खाते दुसऱ्या तक्रारीनंतर बंद झाले. मुलगी बारावीला आहे, सकाळच्या लोकलने जाते. तिचा फोन मात्र अजून भावाच्या कपाटात आहे. गाडी लेट झाली की ती शेजारच्या मैत्रिणीचा फोन मागून घरी कळवते.